तुझ्या नावाचा पुकारा

शनिवार, २१ फेब्रुवारी. गाऊनच्या डाव्या बाहीवर चहा सांडलाय आणि गाऊन सोमवारी कॉलेजला परत करायचा आहे. साबण लावून घासलं, लिंबू चोळलं. डाग फिका झाला, गेला नाही. आता बाही बादलीत बुडवून ठेवली आहे आणि ती भिजेपर्यंत तुला लिहायला बसले आहे. नुसतं बसून राहणं मला जमत नाही, हे तुला माहीत आहे.

वर्षा, आज आपला पदवीदान समारंभ झाला. तू जाऊन महिना होत आला. तू प्रेमळ होतीस, मनमिळाऊ होतीस, असलं काही मी लिहिणार नाही. मनमिळाऊ होतीस हीच तर तुझी अडचण होती. मी तुला एवढंच सांगायला बसले आहे, की आज तुझी पदवी तुझा नवरा व्यासपीठावर जाऊन घेणार होता आणि मी ती त्याला तिथे घेऊ दिली नाही. तुला हे आवडणार नाही. आवडू नये असंच केलं आहे.

चाळिशी उलटलेल्या दोन बाया वकिली शिकायला काहून गेल्या, असं सक्करदऱ्यातल्या आपल्या वस्तीतल्या अर्ध्या लोकांनी मला विचारलं होतं. माझं उत्तर सोपं होतं. आमच्या फ्लेक्स छापायच्या धंद्यात रोज कोणी ना कोणी भांडायला येतं. याचा फोटो मोठा काहून, माझा लहान काहून, आणि शेवटी कोर्टात खेचतो म्हणून जातं. म्हटलं, एकदा पाहू तरी कोर्ट काय असतं. तू समोरच्या गॅलरीत कपडे वाळत घालत होतीस. तिथूनच ओरडलीस, "मले बी यायचं आहे वं! घरी बसून बसून माह्या डोक्याले बुरशी लागून राहिली."

सकाळचं कॉलेज. घरं आपली समोरासमोर, पण तू घरापासून कधी माझ्या गाडीवर बसली नाहीस. गाडीच्या आवाजाने तुझ्या नवऱ्याची, किशोरची, झोप मोडायची. म्हणून तू चपला हातात घेऊन जिना उतरायचीस, तलावाच्या कोपऱ्यापर्यंत चालत यायचीस आणि मी तिथे गाडी लावून तुझी वाट पाहायची. मागे बसलीस की आधी गुंडाळलेली पोळी खायचीस, मग पुरावा कायद्याची कलमं माझ्या कानात म्हणायला लागायचीस. थंडीत तुझे दात वाजायचे आणि कलमाचे तुकडे पडायचे. एकदा मेडिकल चौकाच्या सिग्नलला शेजारचा ऑटोवाला वाकून म्हणाला, "ताई, केस कोणाची आहे? जमानत भेटन का?" तू त्याला गंभीरपणे सांगितलंस, "गुन्हा सांगा आधी." तीन वर्षं माझ्या डाव्या कानाला तुझ्या पोळीचा आणि लसणाच्या चटणीचा वास होता.

किशोर तुला शिकू नको असं कधी म्हणाला नाही. म्हणाला असता तर बरं झालं असतं, भांडता आलं असतं. तो हसायचा. पक्षाची चार माणसं घरी बसली की हॉलमधून हाक यायची, "वकीलसाहेब, चहा आना! नाही तं पुढची तारीख पडते!" माणसं खिदळायची. गल्ली इतकी अरुंद आहे की मला दुकानात सगळं ऐकू यायचं. तुझंही हसणं ऐकू यायचं. एका पेपरच्या दिवशी त्याने कार्यकर्त्यांना सकाळी तर्री-पोह्यांचं आमंत्रण देऊन ठेवलं, तुला न विचारता. तू पहाटे उठून भांडंभर चण्याची झणझणीत तर्री करून ठेवलीस आणि परीक्षेला आलीस. बोटांना मसाल्याचा वास, डोळे लाल. मी म्हटलं, "त्याले बोलली काहून नाही?"

"जाऊ दे वं. तर्री मस्त झाली होती."

तुझं हे "जाऊ दे वं" मला आयुष्यात कोणत्याही शिवीपेक्षा जास्त लागलं आहे.

तुला कोणी मारलं नाही, हेही लिहून ठेवते. निकाल लागून थोडे दिवस झाले होते, तू भाजी चिरत होतीस, मेंदूतली नस फुटली. डॉक्टर म्हणाले, यात कोणाचा दोष नाही. असता तर मी सोडला नसता. त्यामुळे मरणाबद्दल माझी किशोरशी तक्रार नाही. तक्रार सुरू झाली ती तुझ्या तेरवीच्या दिवशी.

जेवणाआधी श्रद्धांजली सभा ठेवली होती, माइक लावून. किशोर शेवटी उठला. म्हणाला, "मी तिचा नवरा कमी अन् मित्र जास्त होतो. तिची इच्छा होती, म्हटलं शिक. तीन वर्षं, पाऊस असो का थंडी, रोज सकाळी सोता गाडीवर कॉलेजात सोडून देत होतो मी तिले." बायांनी डोळ्यांना पदर लावले. मी दुसऱ्या रांगेत बसले होते. माझ्याकडे पाहत म्हणाला तो हे, पापणीही हलली नाही. शेजारच्या बाईने माझ्या मांडीवर हात ठेवला. "किती भला माणूस आहे वं!" मी तिचा हात उचलून तिच्याच मांडीवर ठेवला आणि न जेवता घरी आले.

खोटं बोलणारी माणसं मी रोज पाहते, मोठ्या अक्षरांत छापतेसुद्धा. पण चपला हातात घेऊन जिना उतरणारी तू, आणि तुझी ती सकाळ त्याने उचलून स्वतःच्या खिशात घातली. संसार घे, घर घे, तर्री घे. ती सकाळ आपली होती.

मग कॉलेजातून कळलं की तुझी पदवी समारंभात देणार आहेत आणि ती घ्यायला पतीला बोलावलं आहे. मी ऑफिसात जाऊन म्हटलं, तिच्या आईला बोलवा. तिथल्या मॅडम म्हणाल्या, "पती हयात असताना आई कशी?" तरी मी उमरेडला तुझ्या आईला फोन केला. म्हटलं, काकू, तुम्ही फक्त बसमध्ये बसा, स्टँडवर मी घ्यायला येते, पुढचं मी पाहून घेईन. त्या म्हणाल्या, "जावई जाते तं मी काहून येऊ बाई? पोरगी गेली, आता तिच्या घरात भांडण नको." तुझा मनमिळाऊपणा कुठल्या मागावर विणला गेला ते मला तेव्हा कळलं.

परवा किशोर दुकानात आला. निवडणूक तोंडावर आहे, त्याला तिकीट पाहिजे आहे. खुर्चीत बसला आणि हातांनी हवेत फ्लेक्स दाखवायला लागला.

"वहिनी, वर नेत्यांचे फोटो, लाइनीनं. उजवीकडे मी, हात जोडून, फुल साइज. डावीकडे गोलात वर्षा."

"गोल केवढा?"

"तुम्ही पाहा ना. चेहरा दिसला म्हणजे झालं. अन् तिले तो काळा गाऊन घालून द्या, तुमचा कॉम्प्युटर करते ना. खाली लिहा, पत्नीचे स्वप्न साकार करणारे, महिला शिक्षणाचे खंबीर पाठीराखे."

मी सगळं उतरवून घेतलं. आवाज चढवला नाही. तो गेल्यावर मशीनवरून आमचे हे म्हणाले, "धंदा आहे आपला. छाप अन् विसर. समोर राहते तो, वैर कायले घेतं?"

"छापते," मी म्हटलं. विसरण्याबद्दल काही बोलले नाही.

आता आजचं. सकाळी मी लवकर निघाले. तलावाच्या कोपऱ्यावर गाडी आपोआप हळू झाली. मी तिला तशीच पुढे काढली.

कॉलेजच्या मागच्या मैदानात मंडप होता. गाऊन वाटत होते, सगळे एकाच मापाचे. आपल्या वर्गातले ते निवृत्त बँकवाले काका गाऊन घालून काळा रंग दिलेल्या पोस्टाच्या पेटीसारखे दिसत होते, आणि त्यांची नात त्यांचे फोटो काढत होती. मला गाऊन लांब झाला, मी खाली टाचण्या मारल्या. तुला तो जमिनीवर लोळला असता आणि तू तीन वेळा पडली असतीस. माझ्या शेजारच्या खुर्चीवर मी पर्स ठेवली. कोणी बसायला आलं की म्हणायची, जागा आहे.

कार्यक्रम सुरू झाला तरी किशोर दिसला नाही. नावं पुकारणं सुरू झालं आणि माझा फोन थरथरला. मी मंडपाच्या कडेला जाऊन उचलला.

"वहिनी, मी विद्यापीठाच्या मोठ्या सभागृहापाशी उभा आहो. इथं तं कुलूप आहे! कार्यक्रम कुठं आहे?"

मागे माणसांचा आवाज येत होता. व्हिडिओवाल्यासकट सगळी फौज घेऊन गेला होता तो. पदवी म्हणजे विद्यापीठ, विद्यापीठ म्हणजे मोठं सभागृह, असं धरून चालला होता. आलेलं निमंत्रण उघडून वाचायचं त्याला सुचलं नव्हतं.

"कार्यक्रम कॉलेजात आहे, भाऊजी."

"कोणत्या कॉलेजात?"

वर्षा, मी देवाधर्माची बाई नाही. पण तो प्रश्न ऐकला आणि वाटलं, कोणीतरी माझ्या हातात ताट आणून ठेवलं आहे.

"तुम्ही तीन वर्षं रोज सोडून देत होते ना तिले? तिथंच."

त्याचा आवाज खाली आला. "वहिनी, मजाक नका करू. लोकं आहेत सोबत."

"मजाक नाही करून राहिले. लवकर या, तिचं नाव येतच आहे," म्हटलं आणि फोन बंद करून पर्समध्ये टाकला. पत्ता सांगायला एक वाक्य पुरलं असतं. मी सांगितलं नाही. पुन्हा फोन आला असता तरी सांगितलं नसतं.

माझं नाव आधी आलं. गेले, घेतलं, फोटो झाला, परत आले. काही वाटलं नाही, खरं सांगते. सगळं लक्ष फाटकाकडे होतं. मग सूत्रसंचालन करणाऱ्या मॅडमनी आवाज बदलला. वर्षा किशोर लांजेवार. मरणोत्तर. त्यांचे पती श्रीयुत किशोर लांजेवार यांना विनंती.

कोणी उठलं नाही. मॅडमनी पुन्हा पुकारलं. माना मागे वळल्या. प्राचार्यांनी हातातली पदवीची फाइल खाली घेतली आणि माइकपासून तोंड दूर नेत म्हणाले, "आले नाहीत का? ठेवा मग, नंतर ऑफिसमधून नेतील." तुझी फाइल टेबलाच्या दुसऱ्या टोकाला, गैरहजर लोकांच्या ढिगाकडे निघाली.

"सर, मी घेते," मी उभी राहून म्हटलं.

"आपण कोण त्यांच्या?"

माइक चालू होता. सगळ्या मैदानाला ऐकू गेलं. मी काय सांगणार होते? मैत्रीण म्हटलं असतं तर तो शब्द पातळ वाटला असता. म्हटलं, "रोज तिला कॉलेजात आणणारी."

बँकवाले काका बसल्या जागेवरून म्हणाले, "घेऊ द्या सर. आम्ही पाहिलं आहे." हा प्रत्यक्षदर्शी पुरावा. मी पुढे गेले. टाचणी निघून गाऊन पायात आला, तोही मी लाथेने बाजूला केला. फोटोवाला म्हणाला, "मॅडम, तुमचा झाला ना फोटो?"

"हा तिचा आहे," म्हटलं. "काढ."

फाइलमध्ये काही नव्हतं, नुसता पुठ्ठा. व्यासपीठावर सगळ्यांना रिकामीच देतात. खरं प्रमाणपत्र नंतर सही करून खिडकीवर मिळतं. ते मला मिळणार नव्हतंच, आणि मिळू नये. कायदा मीही शिकले आहे. पण तुझं नाव पुकारलं गेलं तेव्हा त्या पायऱ्या कोण चढलं, हे आता कोणाला बदलता येणार नाही.

किशोर आला तेव्हा मंडपवाले खुर्च्या एकावर एक रचत होते. शेवटी त्याने पुण्याला तुमच्या मुलाला फोन लावून कॉलेजचं नाव विचारलं म्हणे. त्याने खिडकीवर सही केली, प्रमाणपत्र घेतलं आणि थेट व्यासपीठावर चढला. मागचं बॅनर उतरवणं चालू होतं.

"एक मिनिट थांब ना बे, फोटो काढू दे."

"भाऊ, पुढचा ऑर्डर बुटीबोरीले आहे, लेट झाला आधीच," वरून मंडपवाला म्हणाला आणि दोरी सोडली. बॅनरचा अर्धा भाग किशोरच्या डोक्यावर आला. हातात तुझी पदवी, डोक्यावर कापड, समोर व्हिडिओवाला. मी चहा पीत उभी होते. मला असं हसू फुटलं की चहा बाहीवर गेला. तू गेल्यावर पहिल्यांदा हसले. हसता हसता शेजारी वळले, तुला दाखवायला.

मग हसू गेलं. गाऊनच्या कोरड्या बाहीने तोंड पुसलं.

तो खाली उतरून माझ्याजवळ आला. "वहिनी, हे बरोबर नाही केलं तुम्ही. नवरा होतो मी तिचा."

"हाव. म्हणूनच वाटलं, तुम्हाले रस्ता माहीत असन."

त्याने इकडेतिकडे पाहिलं. कोणी ऐकलं का, एवढीच काळजी. "फ्लेक्स तरी उद्या सकाळी लागला पाहिजे."

"लागते," मी म्हटलं.

आपला वाद अर्धाच राहिला आहे, वर्षा. कॉलेजातल्या शेवटच्या मूट कोर्टात, त्या लुटुपुटूच्या कोर्टात, दोन भावांच्या सामाईक भिंतीचा खटला होता. मी भिंत मागितली आणि तू तडजोड मांडलीस. निकाल तुझ्या बाजूने लागला. परत येताना मी तुझ्याशी बोलले नाही आणि तू मागून म्हणालीस, "खटला जिंकून बाई जाते कुठं वं? त्याच घरी ना?" मी म्हटलं होतं, दुसऱ्या घरी जावं. तू म्हणालीस, "तुह्या घरी?" आणि हसलीस. मी तेव्हा हो म्हणायला पाहिजे होतं का, की तू नुसती गंमत करत होतीस, हे मला विचारता आलं नाही. तू कौटुंबिक न्यायालयात समेट घडवणारी वकील होणार होतीस. झाली असतीस, आणि माझ्यापेक्षा चांगली झाली असतीस. तुझ्यामुळे मी पुरावा कायद्यात पास झाले, तुझ्या पोळीच्या घासांमधून ऐकून. याबद्दल मी तुझे आभार कधी मानले नाहीत. मानले असते तर तू "जाऊ दे वं" म्हणाली असतीस आणि मी पुन्हा चिडले असते.

समेट तू कर. मला तो येत नाही. मला येतं ते मी दुपारपासून करते आहे. किशोरची ऑर्डर मी काढून टाकली. यांच्याकडून गाऊनमध्ये स्वतःचा फोटो काढून घेतला, मानेवरून कापला आणि त्यावर तुझा चेहरा बसवला, मागच्या नवरात्रातला, ज्यात तू कॅमेऱ्याकडे न पाहता माझ्याकडे पाहत होतीस. आमच्या धंद्यात हे रोजचं आहे; किती उमेदवारांना मी दुसऱ्याची जॅकेटं घातली आहेत. म्हणजे गळ्याखाली मी, वर तू. खांदे जरा रुंद दिसतात तुझे. चालेल. तुला ते शोभतात. नेते नाहीत, गोल नाही, शुभेच्छुक नाही. खाली मोठ्या अक्षरांत फक्त: वर्षा लांजेवार, एलएल.बी. मधलं नाव मी काढून टाकलं.

बाही पाण्यातून काढते आता.

रविवार, सकाळ. फ्लेक्स माझ्या दुकानावरच्या भिंतीवर लावला, तुमच्या गॅलरीच्या बरोबर समोर. भिंत माझी आहे, कोणाची परवानगी लागत नाही. आमचे हे स्वतःहून उठले आणि त्यांनी शिडी धरली. तीन कोपरे बांधून झाले तेव्हा किशोर दात घासत गॅलरीत आला. ब्रश तोंडातच राहिला.

"वहिनी, माझा फोटो?"

"बसला नाही जागेत."

खालून गल्लीतल्या मीराकाकू दूध घेऊन चालल्या होत्या. थांबल्या, वर पाहिलं, पिशवी मनगटावर घेऊन तुला हात जोडले. मग गॅलरीकडे वळून म्हणाल्या, "वा गा किशोर! नवरा असावा तं असा. केवढा मोठा फोटो लावला बायकोचा!"

तो हा फाडू शकत नाही, हे मला माहीत होतं. मेलेल्या बायकोचा फोटो फाडणाऱ्याला या वस्तीत कोण मत देईल? पण काकूंचं ऐकून त्याने ब्रश तोंडातून काढला, हात जोडले आणि सुरुवात केली, "काकू, तिचं स्वप्न होतं, म्हणून मी..."

"काकू," मी शिडीवरून म्हटलं, "फोटो मी लावला. अन् रोज कॉलेजात सोडून देत होती, ते बी मीच."

काकू दूध घेऊन तिथेच उभ्या राहिल्या, एकदा त्याच्याकडे, एकदा माझ्याकडे पाहत. किशोरने आत जाऊन गॅलरीचं दार लावून घेतलं. लावू दे. कपड्यांची दोरी त्याच गॅलरीत आहे आणि आता कपडे त्यालाच वाळत घालायचे आहेत. मी चौथा कोपरा तारेने आवळला आणि खाली उतरले.